काळ्या रेघा आणि मुके टॅग

बारकोड आणि आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींवर आपला नंबर सांगणारे टॅग, यांबद्दल आलेल्या पत्रांतली सहा इथं घेतली आहेत. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना त्यांचं उत्तर यातच सापडेल.

आमच्या बचत गटाचा काळा मसाला आणि कारळाची चटणी लातूरच्या एका मोठ्या दुकानात ठेवायची बोलणी चालू आहेत. ते बारकोड मागतात. एक जण पाचशे रुपयांत ‘८९० वाला’ नंबर देतो म्हणतो. घ्यावा का? – बचत गटाच्या सचिव, औसा

ताई, घेऊ नका. तेरा आकडी नंबर आपल्याकडे जीएसवन इंडिया ही संस्था देते आणि तो तुमच्या गटाच्या नावावर नोंदला जातो. पाचशेवाला नंबर मूळचा कुणा दुसऱ्याचा असू शकतो. दुकानानं नोंद तपासली की माल परत येईल. आणि नंबराच्या सुरुवातीचे ८९० म्हणजे ‘भारतात बनलेलं’ असंही नाही. नंबर इथल्या संस्थेनं दिला, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचा आकडा तपासणीचा असतो. समजा पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले की २८ होतात. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला काही कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. हाताने नंबर टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर मशीन इथंच पकडतं.

शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटांना वेगळे नंबर घ्या. किंमत बारकोडात नसते, ती दुकानाच्या कॉम्प्युटरात असते. मसालेवाल्यांना हमखास नडते ती गोष्ट रंगाची. पाकीट लाल असेल तर त्यावर काळ्या रेघा चालतात, पण पांढऱ्यावर लाल रेघा छापू नका. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल आणि पांढरं सारखंच दिसतं. रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा डिझायनरला नक्षीनं भरू देऊ नका. फक्त गटाच्या स्वतःच्या स्टॉलवर विकायचं असेल, तर यातलं काहीच नको. घरचाच क्रमांक पुरतो.

आम्ही वाळूजला दुचाकीचे सुटे भाग करतो. डिस्पॅचच्या पेट्यांवरची लेबलं महिन्याभरात पुसट होतात आणि ग्राहक कंपनी माल उतरवून घेत नाही. प्रिंटर बदलावा का? – डिस्पॅच सुपरवायझर, वाळूज

आधी हे करून बघा. कोऱ्या लेबलावर नखानं जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली, तर तुमचा कागद थर्मल आहे, म्हणजे प्रिंटर रिबनशिवाय, शाईच्या पट्टीशिवाय चालतोय. बसच्या तिकिटाचा, एटीएमच्या पावतीचा तोच कागद. उष्णतेनं काळा पडणारा थर त्याच्यावर असतो, शाई नसतेच. कुरिअरच्या पाकिटाला दोन-चार दिवस टिकलं तरी चालतं, तिथं तो उत्तम. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, खिडकीतल्या उन्हात, वर पार्टला लावलेलं गंजरोधक तेल, आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत! एवढं त्या कागदानं सोसावं अशी अपेक्षाच चूक आहे.

प्रिंटर लगेच बदलू नका. बरेच प्रिंटर रिबनवरही चालतात, फक्त कुणी रिबन बसवलेली नसते. रिबनचे ढोबळ तीन प्रकार. मेणाची वॅक्स रिबन स्वस्त, साध्या कागदासाठी. वॅक्स-रेझिन मधली, पेट्यांना बहुधा ती पुरते. रेझिन पॉलिस्टर लेबलसाठी, तेल आणि घासणं सोसते. रेझिनला उष्णता जास्त लागते, म्हणून प्रिंटचा वेग कमी करा. रेझिन रिबन आणि साधा कागद ही जोडी जमत नाही, पैसेही वाया जातात. रिबन घेताना शाई आतल्या अंगाला हवी की बाहेरच्या, हे प्रिंटरच्या पुस्तिकेत बघा. उलटी आली की लेबल कोरं निघतं आणि माणसं प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवतात.

छापलेल्या लेबलावर एकाच ठिकाणी उभी पांढरी रेघ येत असेल, तर प्रिंटहेडचा, म्हणजे तापून छापणाऱ्या पट्टीचा, एखादा ठिपका मेला आहे किंवा तिथं घाण बसली आहे. रोल बदलताना दरवेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसा. ब्लेडनं खरवडू नका, हेड संपलंच म्हणून समजा. नवीन हेड येईपर्यंत बारकोड लेबलावर नव्वद अंशांत फिरवून छापा. मग ती पांढरी रेघ सगळ्या रेघांना आडवी कापत जाते, एखादी अख्खी रेघ गिळत नाही, आणि स्कॅनर वाचतो. वेग तेवढा कमी ठेवा. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, वर्षभर तीवर काढू नका.

तेलकट पार्टवर थेट लेबल चिकटवायचा हट्ट मात्र सोडा. पेटीवर चिकटवा, नाहीतर तारेनं टॅग बांधा.

आमच्या बियाणे कंपनीच्या गोदामात गेटवरून पॅलेट (पेट्या रचायचा पाट) गेलं की आपोआप नोंद व्हावी, म्हणून आरएफआयडीचा प्रस्ताव आला आहे. दाखवलं तेव्हा झकास चाललं. पैसे घालावेत का? – गोदाम व्यवस्थापक, जालना

दाखवताना पेट्या रिकाम्या होत्या का, हे आधी सांगा.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. गेटवरच्या अँटेनाच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. नजरेसमोर असायची गरज नाही, काही मीटरवरून एकदम पन्नास टॅग वाचले जातात, हे सगळं खरं आहे. पण धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. वाळलेलं बी पोत्यात असेल तर अडचण नाही. तेच बी ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटांत असेल, तर पॅलेटच्या पोटातल्या पेट्या गप्प राहतात. शेजारी कीटकनाशकांचे कॅन ठेवत असाल तर विचारायलाच नको.

म्हणून अट घाला, की चाचणी तुमच्या मालावर, तुमच्या गेटवर, तुमचेच हमाल माल हलवत असताना होईल. दुसरी भानगड उलटी आहे. न गेलेला माल गेला म्हणून नोंदला जातो, कारण बाजूच्या गाळ्यात थांबलेलं पॅलेटही अँटेना वाचते. पॉवर कमी करणं, अँटेनाची दिशा बदलणं, मध्ये जाळीचा आडोसा लावणं, यात आठवडे जातात. तो वेळ करारात धरा. रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालणारा आहे ना, तेही बघा. आपल्याकडे विनापरवाना वापरायला हाच पट्टा मोकळा आहे. अमेरिकेसाठी बनलेला ९०२ ते ९२८ चा स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नका.

माझं मत विचाराल, तर पॅलेट आणि ट्रॉल्यांना आरएफआयडी लावा. ते टॅग परत परत वापरले जातात, म्हणून परवडतात. पेट्यांना बारकोड ठेवा. आणि मृगाच्या तोंडावर, गोदामात पाय ठेवायला जागा नसताना, नवी पद्धत सुरू करायचं धाडस करू नका. हिवाळ्यात करा.

उस्मानाबादी शेळ्यांना कानात चिप बसवली, तर शेळी चोरीला गेल्यावर कुठं आहे ते मोबाइलवर दिसेल का? – शेळीपालक, कळंब

नाही हो भाऊ. तुम्हाला तसं सांगून कुणी टॅग विकत असेल, तर त्याला वाटेला लावा. जनावरांचा टॅग १३४.२ किलोहर्ट्झवर चालतो. रीडर कानाजवळ, वीत-दीड वीत अंतरावर नेला तर पंधरा आकडी नंबर दाखवतो, बास. जागा सांगणारं जीपीएसचं यंत्र वेगळं असतं. त्याला बॅटरी लागते, सिमकार्ड लागतं आणि ते गळ्यात बांधावं लागतं. चोर ते आधी काढून फेकतो.

तरी टॅग निरुपयोगी नाही. कोणत्या शेळीला जुळी होतात, लस कधी टोचली, महिन्याला वजन किती वाढलं, हे शंभर शेळ्यांत तोंडपाठ राहत नाही. चोरीची शेळी बाजारात सापडली, तर ती तुमचीच हे दाखवायलाही नंबर कामी येतो, अर्थात कान शाबूत असेल तर. वीस-पंचवीस शेळ्यांना साधा आकड्याचा बिल्ला आणि वही पुरे.

स्कॅनर कधी बरोबर वाचतो, कधी भलतीच मराठी अक्षरं टाकतो. – स्टेशनरी दुकानदार, परभणी

स्कॅनर बिघडलेला नाही. कॉम्प्युटरच्या लेखी तो एक कीबोर्ड आहे, भराभर टाइप करणारा. तुम्ही मालाची नावं मराठीत टाकता आणि कीबोर्ड परत इंग्रजीवर न आणता स्कॅन करता, मग कोडातली इंग्रजी अक्षरं देवनागरीत उमटतात. स्कॅन करायच्या आधी भाषा बदला.

आम्ही पैठणी विणतो. प्रत्येक साडीला कोड लावायचा आहे, पण स्टिकरनं रेशमाला डाग पडला. – विणकर, पैठण

रेशमाला गोंद लावूच नका, काढता येतो म्हणून विकला जाणारा सुद्धा. जाड कागदाचा टॅग सुती दोऱ्यानं घडीला बांधा. क्यूआर कोड छापणार असाल तर बोटाच्या पेरापेक्षा लहान नको. आणि नुसती वेबसाइटची लिंक न टाकता त्या साडीचा क्रमांक टाका. हातमागावरच्या दोन साड्या तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून मसाल्याच्या पाकिटांसारखा सगळ्यांना एकच नंबर इथं उपयोगाचा नाही. त्या क्रमांकापुढे तुमच्या वहीत माग कोणता, विणकर कोण, किती दिवस लागले, जर कसली, हे लिहिलेलं हवं. वही कोरी असेल तर टॅगला काहीच सांगता येत नाही.

आरएफआयडी पुढं कधी घेतलाच, तर टॅग पदराच्या घडीत सरकवू नका. खरी जर म्हणजे धातूच. टॅग तिथं मुका होईल. काठ-पदरापासून दूर, दोऱ्याला लोंबता ठेवा.