दोन्ही बाजूंना एकच धातू

अगं पोरी,

रविवारी तू डब्यातून केळीच्या सोपटाची पट्टी काढलीस, हवेतल्या दमटपणातून वीज देणारी म्हणून. एका अंगाला तांब्याची जाळी, दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमची फॉइल, मीटरवर ०.६ व्होल्ट. "सर, पावसात चालतं, मग एसी लॅबमध्ये का मरतं?" मी चहाचं निमित्त करून उठलो. उत्तर दिलं असतं तर माझीच चोरी उघडी पडली असती.

दोन्ही बाजूंना एकच धातू लाव. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये भिजलेला पाव ठेवलास तरी मीटर हलेल. ती हवेतल्या दमटपणाची वीज नव्हे, फॉइल झिजतेय तिची. एसीने ओल गेली, सेल मेला. यात गूढ कसलं?

खरी गोष्ट वेगळी. पट्टीची एक बाजू ओलसर, दुसरी कोरडी राहिली की तंतूंवरच्या आम्लगटांचे प्रोटॉन सुटून कोरड्या बाजूकडे सरकतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी २०२० साली जिवाणूंच्या प्रथिनतंतूंचा फक्त ७ मायक्रोमीटर जाडीचा थर वापरून सुमारे ०.५ व्होल्ट मिळवले. खाली सोनं, वर सोनंच; वरचा तुकडा तेवढा लहान, हवा लागावी म्हणून. कळलं? दोन्ही बाजूंना एकच धातू.

मी प्रदर्शनात हवेतल्या ओलीवर वीज देतो म्हणून काथ्यावर एलईडी लावून दाखवला होता. जस्ताचे खिळे, तांब्याची तार. खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली होती. परीक्षक यायच्या आधी ती मी रुमालाने पुसली. बक्षीस मिळालं. दोन्ही बाजूंना एकसारखं लावायला तेव्हा ग्राफाइट कुठे मिळायचं, असं स्वतःला सांगत आलो. पेन्सिली होत्या की! तरी काथ्याचं माझं म्हणणं चूक होतं, असं मी आजही मानत नाही. फक्त ते मी कधी मोजलंच नाही.

तू मोज. काथ्या घेतलास तर आधी गोड्या पाण्यात धू, खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो. एका बरणीत ओलं जाड मीठ घालून झाकण लाव, आत ७५ टक्के आर्द्रता टिकते. दुसरीत ओल शोषणारं सिलिका जेल. पट्टी इकडून तिकडे हलव. आणि नुसता मीटर लावून खूश होऊ नकोस. १ मेगाओहमचा रोध जोडून रात्रभर ठेव, वीज खरंच टिकते का ते कळेल.

ग्राफाइटच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत (ग्राफाइट धातू नव्हे, मला शिकवू नकोस). चवथीच्या आधी येऊन घेऊन जा. आकडा ०.०२ आला तरी तारीख घालून कळव. फॉइल घरीच ठेव.

तुझा,
सर