आयोगाने 'आदेश दिला', 'दंड ठोठावला' की 'शिफारस केली'?

मुलुंडचे एक वाचक आपल्या वसाहतीच्या वार्तापत्रासाठी बातम्यांची टिपणे काढतात. त्यांनी विचारले आहे, की एकाच प्रकरणावर तीन वृत्तपत्रांत तीन मथळे दिसले : 'मानवी हक्क आयोगाने पोलीस अधिकाऱ्याला दंड ठोठावला', 'आयोगाचा गृह विभागाला आदेश' आणि 'पीडिताला भरपाई देण्याची आयोगाची शिफारस'. यांतले बरोबर कोणते, की तिन्ही चालतील? शिवाय दोन उपप्रश्न आहेत : आयोगाकडे 'तक्रार' करतात की 'फिर्याद', आणि 'सुमोटो'ला मराठीत काय म्हणावे?

तिसरा मथळा बरोबर. पहिला सरळ चूक. दुसरा प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार बरोबर किंवा चूक ठरतो. हा कीस काढण्यासारखा प्रश्न आहे, कारण चुकीचे क्रियापद वाचून माणूस चुकीची अपेक्षा घेऊन हजारीमल सोमाणी मार्गावर पोहोचतो. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय तिथे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. २००१ पासून आयोगाचे काम सुरू आहे आणि ते चालते मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ या कायद्याखाली. कोणते क्रियापद वापरायचे हे या कायद्याची कलमेच सांगतात.

आधी 'दंड'. दंड ही शिक्षा आहे. ती न्यायालय देते किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेला अधिकारी देतो, आणि दंडाची रक्कम एरवी सरकारजमा होते. आयोग कोणाला शिक्षा करत नाही. कलम १८ प्रमाणे चौकशीअंती मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे, किंवा ते रोखण्यात लोकसेवकाने हयगय केल्याचे दिसले, तर पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबीयांना नुकसानभरपाई द्यावी अशी शिफारस आयोग संबंधित शासनाला किंवा प्राधिकरणाला करू शकतो. पैसे पीडिताला मिळायचे असतात, सरकारी तिजोरीला नव्हे. नंतर शासनाने ती रक्कम संबंधित अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल केली तरी तो दंड होत नाही, वसुलीच राहते. 'दोषी ठरवले'ही याच कारणाने टाळावे. दोषी ठरवणे फौजदारी न्यायालयाचे काम. आयोगाबाबत 'उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला' असे लिहावे. खटला भरण्याची किंवा खात्यांतर्गत कारवाईची शिफारसही आयोग करू शकतो, पण खटला भरायचा तो शासनानेच.

आता 'आदेश'. हा शब्द आयोगाला वर्ज्य आहे असे नाही, आणि इथेच बातमीदारांची गल्लत होते. कलम १३ ने चौकशीपुरते आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत : साक्षीदाराला समन्स काढून हजर करणे, शपथेवर तपासणे, शपथपत्रावर पुरावा घेणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, सरकारी कार्यालयातून अभिलेख मागवणे. अमुक तारखेला स्टेशन डायरी घेऊन हजर राहा, असे आयोग पोलीस ठाण्याला सांगतो तेव्हा तो आदेशच असतो. तिथे 'शिफारस' लिहिले तर तीही चूक ठरेल. अहवाल मागवताना 'निर्देश' शोभतो. कलम १७ प्रमाणे शासनाकडून मुदतीत अहवाल आला नाही तर आयोग त्याची वाट न बघता स्वतः चौकशी सुरू करू शकतो. थोडक्यात, प्रकरण चालू असताना आदेश आणि निर्देश, निष्कर्ष निघाल्यावर शिफारस. दोन्हींच्या मधे कलम १८ मध्येच एक पायरी आहे : चौकशी पुरी होण्याआधी तातडीचे अंतरिम साहाय्य. तेही शिफारशीनेच येते, म्हणून 'अंतरिम आदेश' म्हणू नये.

'शिफारस' हा शब्द मथळ्याला मिळमिळीत वाटतो. याला आपली बोलीच कारणीभूत आहे. रोजच्या मराठीत शिफारस वशिल्याच्या शेजारी बसते, 'साहेबांची शिफारस आणली' म्हटले की आपण काय ते समजतो. कायद्यातली शिफारस निराळी. ती गेल्यावर शासनाने एक महिन्याच्या आत, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, काय कारवाई केली किंवा करणार हे आयोगाला कळवायचे असते. चौकशीचा अहवाल आणि त्यावर शासनाने कळवलेले म्हणणे आयोग प्रसिद्ध करतो, आणि अहवालाची प्रत तक्रारदाराला मिळते. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यासोबत शासनाला कृती अहवाल द्यावा लागतो, आणि एखादी शिफारस स्वीकारली नसेल तर तिची कारणेही. 'नाही' म्हणायचे तर का, हे सभागृहात लेखी सांगायला लावणारा हा शब्द आहे. मला तो मुळीच मिळमिळीत वाटत नाही. ती पाळणे शासनावर बंधनकारक आहे का, यावर न्यायालयांत मतभेद राहिले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये ती बंधनकारक आहे असा निर्णय दिला. तरी नाव 'शिफारस'च राहिले, त्यामुळे त्या निर्णयाच्या बातमीत 'बंधनकारक शिफारस' लिहिण्यात काही वावगे नाही.

आणखी एक फसवा शब्द 'निकाली'. 'आयोगाने इतक्या तक्रारी निकाली काढल्या' असे वाचले की तितक्या लोकांना न्याय मिळाला असे वाटते. निकाली काढणे म्हणजे फाइल बंद होणे, एवढेच. त्यात शिफारस होऊन संपलेली प्रकरणे असतात, तशीच सुनावणीपर्यंत न पोहोचता सुरुवातीलाच फेटाळलेली आणि दुसऱ्या प्राधिकरणाकडे पाठवलेलीही असतात. टिपणात आकडा द्यायचा तर यांतल्या किती फेटाळल्या आणि किती प्रकरणांत शिफारस झाली, हे वेगळे दिले तरच वाचकाला काही कळेल.

आता उपप्रश्नांकडे. आयोगाकडे 'तक्रार' करतात. 'फिर्याद' पोलिसांकडे किंवा फौजदारी न्यायालयात होते. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवणारा तो फिर्यादी, आयोगाकडे जाणारा तक्रारदार. 'आयोगात गुन्हा दाखल केला' हा प्रयोग कानावर येतो, तोही चूकच, कारण आयोग गुन्हा नोंदवत नाही. तक्रार पीडितानेच करावी असेही नाही, त्याच्या वतीने कोणीही करू शकते. शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही. तक्रार मात्र लोकसेवकाच्या कृत्याविरुद्ध किंवा हयगयीविरुद्ध हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीने पाणी तोडले हा आयोगाचा विषय नाही. पाणी तोडल्याची तक्रार पालिकेच्या अधिकाऱ्याकडे देऊनही त्याने कर्तव्य असताना हात झटकले, तर मग विषय होऊ शकतो. नोकरीतल्या बढती-बदलीच्या तक्रारी, दोन खासगी माणसांतला पैशाचा किंवा जागेचा वाद, निनावी किंवा मोघम अर्ज आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे आयोग सहसा हाती घेत नाही. ('न्यायप्रविष्ट'ही जपून वापरावा. नुसता गुन्हा नोंदला आणि तपास चालू आहे, एवढ्याने प्रकरण न्यायप्रविष्ट होत नाही.)

सगळ्यात जास्त तक्रारी शब्दांमुळे कुठे लंगड्या पडतात, तर घटनेच्या वर्णनात. 'पोलिसांनी माझ्या मानवी हक्कांची पायमल्ली केली, जनावरासारखे वागवले' असे लिहिले की मन मोकळे होते, पण त्या वाक्यावर पोलिसांकडून अहवाल मागवण्यासारखे काही नसते. 'पायमल्ली', 'गळचेपी' हे अग्रलेखाचे शब्द. अर्जात 'उल्लंघन' एकदा आले तरी पुरे, बाकी घटना हवी : 'अमुक तारखेला रात्री अकराच्या सुमारास दोन शिपाई मला घरून अमुक पोलीस ठाण्यात घेऊन गेले. एकाचा बक्कल नंबर अमुक. घरच्यांना कळवले नाही, कोणत्याही कागदावर सही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला जाऊ दिले. मारामुळे डाव्या मनगटाला सूज आली, पालिका रुग्णालयाचा त्याच रात्रीचा केसपेपर जोडला आहे.'

वरच्या नमुन्यात 'अटक' हा शब्द नाही, तो मुद्दामच टाळला आहे. कागदावर अटक दाखवलेली नसताना तक्रारीत 'मला बेकायदा अटक केली' असे लिहिले की उत्तर ठरलेले येते : सदर इसमास अटक करण्यात आलेली नाही, केवळ चौकशीकामी बोलावण्यात आले होते. हे उत्तर कागदोपत्री खरेही असते, आणि तक्रारीचा मूळ मुद्दाच बाजूला पडतो. 'नेले', 'बसवून ठेवले', 'जाऊ दिले नाही' ही साधी क्रियापदे इथे जास्त भक्कम ठरतात, कारण मग उत्तरात अटक नाकारून भागत नाही. माणूस किती तास ठाण्यात होता आणि का, हे सांगावे लागते. 'ताब्यात घेतले' हा मधला शब्द आहे, तोही चालेल. अटक झालेली असेल तर मात्र 'अटक'च लिहावे आणि अटकेचा कागद केला का, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही आहे का, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले का, हे एकेक करून नोंदवावे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये अटकेबाबत घालून दिलेल्या दंडकांत त्या कागदाचा आणि सहीचा समावेश आहे. चोवीस तासांची अट तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे.

'मुदत' शब्दाचाही घोळ होतो. कलम ३६ प्रमाणे उल्लंघनाचे कृत्य घडल्याच्या दिवसापासून एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. वर्ष मोजायचे घटनेपासून. वरिष्ठ निरीक्षक, मग उपायुक्त, मग मंत्रालय असे अर्ज करत शेवटचे उत्तर आले त्या दिवसापासून नव्हे. अर्जांच्या फेऱ्यांत वर्ष निघून गेले की तक्रार 'मुदतबाह्य' ठरते, मग ती कितीही खरी असो.

मुंबईत 'रेल्वे पोलीस' हा शब्दही गोंधळ उडवतो, कारण बोलण्यात तो दोन वेगळ्या दलांना लागतो. फलाटावर गुन्हे नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, तर रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. राज्य आयोग चौकशी करतो ती राज्यघटनेतल्या राज्य सूची (राज्याचे विषय) आणि समवर्ती सूचीतल्या (राज्य आणि केंद्र दोघांच्या) विषयांशी संबंधित. लोहमार्ग पोलीस, तुरुंग, पालिका, सरकारी आणि पालिका रुग्णालये या सूचींत बसतात, रेल्वे संघ सूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांत जाते. त्यामुळे दादरच्या पुलावर अडवणारा कोणत्या दलाचा, हे गणवेशावरच्या बिल्ल्यावरून पाहून तसे लिहावे. सुरक्षा दलाविरुद्धची तक्रार दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे करावी. राष्ट्रीय आयोग आपल्याकडची तक्रार राज्य आयोगाकडे पाठवू शकतो, त्याला 'वर्ग करणे' म्हणतात. 'ट्रान्सफर केली' लिहायची गरज नाही. एकाच घटनेची तक्रार दोन्हीकडे मात्र करू नये. एका आयोगापुढे प्रकरण असताना दुसरा त्याची चौकशी करू शकत नाही.

'मानवाधिकार' की 'मानवी हक्क', हे प्रश्नात नाही, पण टिपणे लिहिताना अडेल म्हणून सांगतो. अर्थ एकच. आपल्या राज्यातल्या आयोगाचे अधिकृत मराठी नाव मात्र 'मानवी हक्क आयोग' आहे, म्हणून आयोगाबद्दल लिहिताना तेच ठेवावे. याला व्यावहारिक कारणही आहे. नावात 'मानवाधिकार' असलेल्या नोंदणीकृत खासगी संस्था पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही मनापासून काम करतात, पण त्यांना समन्स काढता येत नाही की सुनावणी घेता येत नाही. बातमीत नाव ढिले लिहिले की वाचकाला दोहोंतला फरक कळत नाही.

'सुमोटो' शेवटी. कायद्याच्या कलम १२ मधली ही संज्ञा. मराठीत 'स्वतःहून दखल घेतली' इतके सोपे आणि नेमके रूप रुळलेले आहे, सरकारी लिखाणात 'स्वाधिकारे' दिसते. मी पहिले वापरीन. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. 'सुमोटो याचिका दाखल झाली' असे लिहू नये, कारण याचिका कोणी केलेलीच नसते. आणि 'दखल घेतली'नंतर लगेच 'न्याय मिळाला' असा सूर लावू नये. दखल म्हणजे बातमी किंवा माहिती वाचून आयोगाने प्रकरण नोंदवून घेतले आणि बहुधा अहवाल मागवला, इतकेच. टिपणात त्यासोबत अहवाल कोणाकडून मागवला आणि पुढची तारीख कोणती, एवढे दिले की वाचकाला प्रकरणाचा माग ठेवता येतो.