रायग्रासचे लॉन: मशीनचे पाते वर ठेवा, युरिया लांब ठेवा

गेल्या पंधरवड्यात लॉनबद्दल जे प्रश्न आले, ते बहुतेक कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांचे. दिवाळीनंतर रायग्रास, म्हणजे थंडीत वाढणारे लॉनचे गवत, पेरले, महिनाभर गालिचा दिसला आणि आता रडगाणे सुरू. दुखणे सगळीकडे एकच आहे, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

दिंडोरी: पाच गुंठे लॉन आहे. नाताळात पाहुणे येणार म्हणून तळातून कापले. आठ दिवसांत पिवळे पडले. दुकानदार म्हणतो, गुंठ्याला तीन किलो युरिया टाका. टाकू का?

नका टाकू. गुंठ्याला तीन किलो म्हणजे एकराला 120 किलो, अडीच गोण्यांच्या वर, तेही एका हप्त्यात. उसालासुद्धा एका वेळी एवढा टाकायला तुमचा हात धजणार नाही, आणि इथे बोटभर उंचीच्या गवताला टाकायला निघालात!

तुमचे गवत उपाशी नाही. त्याचे कोठारच तुम्ही कापून नेले. रायग्रासच्या एका फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पाने राहतात, चौथे आले की सर्वांत जुने वाळते. पुन्हा फुटण्यासाठी लागणारी साखर मुळांमध्ये नसते, जमिनीलगतच्या चार-पाच सेंटिमीटर पांढरट बुडख्यात असते. कापणीचे मशीन तळाला लावले की पानेही गेली आणि साखरही गेली. वरून युरिया टाकला तर गवत उरलीसुरली साखर खर्चून फुटायला बघते आणि बसते.

आता दहा-बारा दिवस मशीन बाहेर काढू नका. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही. हिरवी पाने नीट वर आली की गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पाने कोरडी असताना, आणि लगेच पाणी. पुढचा हप्ता महिन्याने, तोही अर्धा किलोच. दवाने ओल्या पानांवर युरिया फेकला तर दाणा चिकटेल तिथे पान करपते. मग तोच दुकानदार करप्याचे औषध देतो.

कापणीचा हिशेब पाठ करा: आहे त्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायचे नाही. लॉन पाच सेंटिमीटरवर ठेवायचे, म्हणजे आपली तीन बोटे आडवी. साडेसातला पोचले की कापा. थंडीत हे आठवड्याला एकदा पडते. पाहुण्यांच्या गडबडीत बारापर्यंत वाढले असेल तर आधी आठवर आणा, मग चार-चार दिवसांनी तोच हिशेब धरून पाचवर. एका दिवसात बारावरून तीनवर आणणारे महाभाग मी दरवर्षी बघतो. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून मशीन ओट्यावर उभे करा आणि पात्यापासून फरशीपर्यंत पट्टीने मोजा.

जुन्नर: कापल्यावर दोन दिवसांनी सगळे लॉन पांढुरके दिसते. रोग समजून दुकानातून बुरशीनाशक आणि टॉनिक आणले. किती फवारू?

बाटल्या उघडू नका, परत करता आल्या तर बघा. एक पान तोडून उन्हाकडे धरा. टोक सुरीने कापल्यासारखे सरळ आहे, की सुतळीसारखे विस्कटलेले? विस्कटलेले असेल तर रोग तुमच्या पात्यात आहे. रायग्रासच्या पानात धागे चिवट असतात. बोथट पाते ते कापत नाही, ओरबाडते. फाटलेले टोक वाळून पांढरे पडते आणि खरी बुरशी तिथूनच शिरते. दर आठ-दहा तासांच्या कामानंतर पात्याला धार लावा. दोन्ही बाजू सारख्या घासल्या का बघा. पाते मधल्या भोकात खिळ्यावर टांगा, एक बाजू खाली गेली तर ती अजून घासा. एवढे केले तर निम्म्या तक्रारी संपतात.

आणि ओले असताना कापू नका. सकाळी सातला दव असते, दहा-अकराला ऊन लागले की मशीन काढा. पहाटे गवतावर कोळिष्टकासारखी पांढरी बुरशी आणि खाली तेलकट चट्टे दिसले तर ती पिथियम. ओल्यात मशीन फिरवले की चाकांच्या रेघेत पसरते. संध्याकाळचे पाणी आणि जादा युरिया हेच तिचे खाद्य. हे दोन्ही बंद केल्याशिवाय कोणत्याही बाटलीचा उपयोग नाही.

निफाड: रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी आणि कडेला ग्लायफोसेट ही तणनाशके मारायला सांगितले आहे. चालेल?

तुम्ही निफाडला राहता ना? शेजारी द्राक्षबाग आहे ना? टू-फोर-डीचा वाफारा बागेवर गेला तर पाने पंख्यासारखी चुरगळतात, नुकसान भरून देता देता लॉन विकावे लागेल. लॉनमधले तण खुरप्याने निघते. ग्लायफोसेटने कडेला पिवळा पट्टा पडतो आणि धूप सुरू होते. कडा धारदार फावड्याने महिन्यातून एकदा उभी कापा.

ब्रश कटरची नायलॉन दोरी कडेपुरती ठीक, पण झाडाच्या बुंध्याला लावू नका. आंब्याची चार वर्षांची कलमे साल गोलाकार सोलली जाऊन वाळलेली मी पाहिली आहेत, आणि मालक वाळवी शोधत होता. बुंध्याभोवती हातभर आळे मोकळे ठेवा.

कापलेले गवत गाईला घालू का?

नको. चाऱ्याचे रायग्रास वेगळे, लॉनचे वेगळे. लॉनच्या बियाण्यात किडीला आवर घालणारी बुरशी पुष्कळदा मुद्दाम राखलेली असते. तिच्या विषाने जनावर थरथरते, झोकांड्या खाते. वर तुमची फवारणीही असतेच. बारीक कापलेले जागेवर पडू द्या, तेही खतच आहे. ढीग झाला तर कंपोस्टमध्ये टाका.

पाकिटावर बारमाही लिहिले आहे. मार्चमध्ये का जळते?

थंड मुलखात ते बारमाही. आपल्याकडे पारा पस्तिशीला गेला की ते माघार घेते, पाण्याने वाचत नाही. दरवर्षी नवे बियाणे विकले जाते ते यामुळेच. माझे ऐका, तळाला हरळी ठेवा. शेतात जिच्याशी जन्मभर भांडता तीच इथे कामाची आहे. उन्हाळ्यात ती लॉन सांभाळेल, थंडीत ती सुस्तावली की वरून रायग्रास. ऑक्टोबर-अखेर ते नोव्हेंबर, गुंठ्याला तीन ते चार किलो बियाणे पुरे. दुकानदार आठ किलो सांगेल. दाट पेरलेले रोप लुकडे राहते आणि सडते. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र उलटे करा: युरिया थांबवा, उंची दर कापणीला थोडी खाली आणा, म्हणजे हरळीला ऊन मिळेल.

अनुदानाचे विचारणाऱ्यांसाठी: लॉनला नाही. कृषी पर्यटन धोरण 2020 खालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. तुषार संचाचे अनुदान पिकासाठी, अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. तो संच लॉनवर लावून फोटो पाठवू नका.