एका झाडाच्या साठ फांद्या म्हणजे साठ झाडं नव्हेत

तुम्ही विचारलंय, ‘रानातलं एखादं झाड कमी होत चाललं असेल तर त्याची शंभर रोपं करून लावली की जात वाचली ना? जनुकीय विविधतेचा, म्हणजे एकाच जातीतल्या झाडाझाडांमधल्या आनुवंशिक फरकाचा, एवढा बाऊ कशाला?’

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे टेकडीचा उतार आहे. फाटकाजवळ एक जुनं शेमट होतं, काही जण त्याला मोई म्हणतात. पावसाळ्याआधी त्याची छाटणी झाली आणि मनगटाएवढ्या जाड फांद्यांचा ढीग पडला. शेमटाची फांदी नुसती खोचली तरी फुटते, कोकणात कुंपणाला लावतातच. माझा मोठा भाऊ तेव्हा कमिटीवर होता. म्हणाला, “फुकटात साठ झाडं होतायत, लावून टाकू.” मी म्हटलं, दादा, निम्म्या याच्या लाव, बाकीच्या चार-पाच वेगळ्या झाडांच्या मिळतात का बघू, माळ्याला विचारू. त्यावर मला सगळ्यांदेखत ऐकवलं की पुस्तकं वाचून झाडं जगत नाहीत.

झाडं जगली, ते खरं. चौथ्या उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर तुरे आले, भरपूर आले. मे संपत आला तरी एकाही झाडावर फळ नाही. पुढच्या वर्षीही तेच. शेमटात बहुधा नर झाड वेगळं आणि मादी वेगळी असते. फाटकाजवळचं झाड नर होतं, म्हणून त्याच्या साठही फांद्या नर. पक्ष्यांना फळ नाही, जमिनीवर एक रोप नाही. माझ्या दृष्टीने त्या उतारावर एकच झाड आहे, साठ ठिकाणी उभं.

बी लावलं तरी एकाच आईचं नको. तिची पोरं सख्खी-सावत्र भावंडं. त्यांचा आपसांत संकर होत गेला की पुढच्या पिढ्या कमकुवत होतात, बी कमी धरतं. आनुवंशशास्त्रज्ञ फ्रँकलिन यांनी १९८० मध्ये ५० आणि ५०० हा ढोबळ नियम मांडला: अशा संकराचा लगेचचा धोका टाळायला प्रजोत्पादन करणारे किमान ५० जीव, आणि दीर्घकाळ बदलत राहण्याची क्षमता टिकवायला ५००. हे आकडे कमी आहेत असं आज अनेक अभ्यासक म्हणतात. एका झाडाच्या फांद्या त्यात एकदाच मोजायच्या. नर्सऱ्या हे कधी सांगत नाहीत. जवळच्या, हात पोचेल त्या झाडाचं बी गोळा करतात आणि पिशव्यांचा आकडा छापतात.

विविधता रोगाच्या वेळीही कामी येते, उदाहरण भाताचं घ्या. रोपं खुरटवणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूने आशियात भात झोडपला तेव्हा हजारो नमुने तपासून प्रतिकारशक्ती मिळाली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभातात. त्यातून १९७६ ची आयआर ३६ ही भाताची लागवडीची जात आली. त्या रानभाताचे सगळे वाफे एकाच रोपापासून केलेले असते तर शोधायला काय उरलं असतं?

म्हणून बी निदान वीस-तीस झाडांचं घ्या, एकमेकांपासून लांब उभ्या असलेल्या, वेड्यावाकड्याही. सरळसोट, देखणीच झाडं निवडायची खोड दादाला होती, तीही चूकच.

आता आणखी काही गोष्टी. जातीची चारच झाडं उरली असतील तर फांद्या लावणं, कलमं करणं बरोबरच आहे, फक्त चारही झाडांची करा आणि कुठलं कुणाचं याची पाटी ठेवा. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बी, फांदी, काही उचलू नका. तो गुन्हा आहे. फार लांबचं बीही नको, विदर्भातल्या कोरड्या रानातलं बी आमच्या पावसात टिकेलच असं नाही.

दादा सोसायटीच्या अहवालात अजून ‘साठ झाडे’ लिहितो. मी गेल्या सभेतही ते खोडायला सांगितलं. यंदा उताराच्या वरच्या अंगाला पाच वेगवेगळ्या मादी झाडांच्या बियांची रोपं लावतोय, त्यासाठी त्याच्याच साठांतली वीस काढायची परवानगी मागितली आहे.

तुमचं झाड कोणतं ते लिहिलं नाहीत. नर-मादी वेगळे असणारं असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत आधी ते तपासा, मग पिशव्या भरा.