फॉर्म बाजूला ठेव, तिचा दिवस विचार

अगं मुली,

तुझा रात्री साडेबाराचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला. आवाजावरून रडवेली झालीयेस हे कळलं, पण रडण्यासारखं झालंय काय ते मला अजून कळलेलं नाही. बँकेतल्या मॅडम आणि त्यांच्याच सोसायटीत पोळ्या करणाऱ्या ताई, दोघींची उत्तरं सारखीच आली म्हणून? संशोधनाच्या प्रपोजलमध्ये तू लिहून बसलीस की शिक्षण आणि पगार वाढला की गर्भनिरोधकाची निवड बदलते, फॉर्ममध्ये ते दिसत नाहीये, आणि आता विषयच बदलू का म्हणून विचारतेस. नको बदलूस. विषय चांगला आहे, फॉर्म भिकार आहे.

रागावू नकोस, मी तो चष्मा लावून नीट वाचलाय. वय, शिक्षण, पगार, मुलं किती, मग 'सध्या कोणतं साधन वापरता' आणि खाली चौकटी. बाई उठते किती वाजता, गाडी कुठली पकडते, कामाच्या जागी संडास आहे का, असला तर तिला वापरू देतात का, घरात कपाटाची चावी कुणाकडे असते, अर्धा दिवस रजा घेतली तर पैसे कापतात का, यातलं काही म्हणजे काही विचारलेलं नाहीयेस. तुला वाटेल हे अवांतर आहे. हे अवांतर नाहीये गं. तिचा दिवस विचार. मी प्रसूतिगृहाच्या ओपीडीत उभं आयुष्य काढलं आणि मला एवढी एकच गोष्ट कळली, तीसुद्धा फार उशिरा.

एक केस सांगते. लोअर परळच्या कुठल्याशा ऑफिसात हाऊसकीपिंग करणारी बाई तांबी, म्हणजे कॉपर-टी, काढायला आली. बसवून दोनेक महिने झाले असतील. तपासलं तर धागा जागेवर, इन्फेक्शन नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले पहिले तीन-चार महिने अंगावरून जास्त जातं, मग कमी होतं, थोडं सहन कर. चुकीचं काहीच नव्हतं त्यात, पुस्तकात तसंच आहे. ती वाद घालेना, फक्त 'काढा' म्हणत राहिली. ओपीडी संपत आली होती म्हणून मी तिला बाकावर घेऊन बसले आणि सहज विचारलं, काम काय असतं गं तुझं. तर ज्या मजल्यावरचे संडास ती दिवसातून चारदा घासते ते तिला वापरायची परवानगीच नाही, स्टाफचा संडास खाली पार्किंगमध्ये, आणि दर वेळी जायचं तर सुपरवायझरला सांगून जायचं, तो बाप्या माणूस, 'आत्ताच तर जाऊन आलीस' म्हणणारा. दर दोन तासांनी पॅड बदलायचा तर दर दोन तासांनी त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं. तांबी काढली. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात 'ब्लीडिंग' एवढंच गेलं, कारण त्या रकान्यात पार्किंगमधला संडास लिहायची सोयच नव्हती. तशीच सोय तुझ्या फॉर्ममध्येही नाहीये, म्हणून माझी चिडचिड होतेय.

आता एकेक साधन घे आणि तिच्या दिवसात बसवून बघ. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण ती रोज घ्यायची, शक्यतो ठरलेल्या वेळी, आणि ज्या बाईची एक आठवडा नाइट आणि एक आठवडा डे असते तिची ठरलेली वेळ कुठली? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, डबा कुणीही उघडतं. गोळ्यांचं पाकीट रेल्वेच्या पासच्या कव्हरमध्ये पासामागे सरकवून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग आठवड्याची छाया, लखनौच्या सरकारी संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, चांगली गोळी आहे, पण पहिल्यांदा वार ठरवून देणारं आणि नंतर एकदा आठवण करून देणारं कुणीतरी लागतं. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, घरात कुणाला पत्ता लागत नाही. पण ओपीडी सकाळची, म्हणजे दर तिमाहीला एक खाडा. शिवाय त्यात मधेमधे डाग लागतात, आणि ज्या घरात अजून पाळीत देवघराला हात लावायचा नाही त्या घरात पंधरा दिवस डाग लागत राहिले तर ती सासूला काय सांगणार? निरोध तर वापरल्यावर टाकायचा कुठे इथपासून प्रश्न. चाळीत कचऱ्याचा डबा सासू उचलते.

या सगळ्याच्या पुढे ऑपरेशन ठेव. एकदाच रजा, एकदाच दुखणं, विषय संपला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी टाके घालून घेतलेले निघाले, तांबी २.१ टक्के, गोळी ५.१, निरोध ९.५. लोक हे आकडे बघून म्हणतात बायकांना माहिती नाही. त्याच पाहणीत निदान एक तरी आधुनिक साधन माहीत असलेल्या बायका ९९ टक्क्यांच्या घरात आहेत! तेव्हा तुझ्या निष्कर्षात 'जागरूकतेचा अभाव' हे शब्द मला दिसले तर मी तुझ्याशी बोलणार नाही, खरंच सांगते.

आणि तुझ्या बँकेतल्या मॅडम. त्यांनी 'काही नाही' सांगितलं आणि तू चौकटीत 'काही नाही' टिक केलंस. मी पैजेवर सांगते, त्या म्हणाल्या असतील 'तसं काही नाही, हे सांभाळतात'. हो ना? अगं, 'हे सांभाळतात' म्हणजे नवरा ऐन वेळी मागे सरतो, हे उत्तर आहे, त्याला पाहणीत पारंपरिक पद्धत म्हणून मोजतात, आणि ते बेभरवशाचं आहे म्हणून तर ते मोजायलाच हवं. शिकलेली बाई तिथे का येऊन थांबते? तिचा दिवस विचार. सात पन्नासची फास्ट, रात्री नऊला घरी, मुलाचा अभ्यास, गायनॅककडे अपॉइंटमेंट शनिवारचीच मिळते आणि शनिवार तिचा नसतोच. वर हार्मोनची धास्ती, वजन वाढेल, पुढे मूल राहणार नाही. गंमत म्हणजे हीच बाई गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या केमिस्टकडून कुणाला न विचारता आणते, आणि त्याही हार्मोनच्याच असतात.

आता तू जे सरळ विचारलं नाहीस पण मेसेजमध्ये डोकावलं, की 'तुमच्या काळात टार्गेट होती, त्यामुळे बायकांना चॉइस नव्हताच ना'. हे ऐकून घ्यायची सवय आहे मला. होती टार्गेट, महिन्याला इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या झाल्याच पाहिजेत अशी. एप्रिल १९९६ ला ती गेली, तोवर महिनाअखेरीला केसेस किती झाल्या याचाच हिशोब असायचा आणि मीही बायका आणल्या. पण ज्यांना आणलं त्यातल्या कितीतरी मला नंतर बाजारात भेटून हात धरून सांगायच्या की सिस्टर सुटले. त्यांना जबरदस्तीची बळी म्हणणारे लोक त्यांच्या घरी कधी पाणी प्यायले नाहीत. आणि तांबी काढून मागणाऱ्या बाईला मी कधी परत पाठवलं नाही, मेमो मिळाला तरी. बसवायची की नाही हे ठरवायचा हक्क तिचा असेल तर काढायचाही तिचाच, यावर मी तेव्हाही भांडले आणि आत्ताही भांडेन. टार्गेट वाईट होती हे मलाही कळतं, पण टार्गेट गेल्यावर संडास कुठे आले? ओपीडीची वेळ कुठे बदलली? जाऊ दे, मी पुन्हा माझंच सुरू केलं.

मला खरी चुटपूट वेगळीच आहे. इतक्या वर्षांत मी पुरुषांना बाकावर आणू शकले नाही. ते गेटबाहेर पानाच्या गादीवर थांबायचे. १९२१ साली याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्रोफेसरची नोकरी सोडावी लागली पण काम सोडलं नाही, १९५२ ला सरकारी कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या पाहणीत पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, पोट उघडावं लागत नाही, तपासणीत शुक्रजंतू नाहीत असं येईपर्यंत तीनेक महिने निरोध वापरावा लागतो, बस. पण आणीबाणीतली सक्ती लोकांच्या डोक्यातून गेली नाही, आणि 'ताकद जाते' हे कुठल्या शहाण्याने पसरवलं कुणास ठाऊक. बायकांनाच विचारलं तर त्याच म्हणतात, 'नको, यांना जड काम असतं'. आणि स्वतः ऑपरेशननंतर आठवड्याभरात हंडा उचलतात. म्हणून नवऱ्याचाही दिवस विचार, जमलं तर नवऱ्यालाच विचार.

तर आता कामाचं. भरलेले फॉर्म फेकू नकोस. त्याच बायकांकडे परत जा, पण सासू-नणंद घरात असताना नको, कामाच्या जागी मधल्या सुट्टीत गाठ किंवा परतीच्या गाडीत. 'काय वापरता' आधी विचारू नकोस. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते विचार, मग आधी काय वापरत होता आणि का सोडलं ते विचार, सोडण्याच्या कारणात सगळं असतं. सही कुणाची मागितली हेही लिहून घे. टाक्यांच्या ऑपरेशनला नवऱ्याच्या सहीची गरज नाही असं सरकारी नियमातच आहे, सज्ञान बाईच्या गर्भपातालाही तिची एकटीची संमती पुरते, तरी खिडकीवर 'मिस्टरांना घेऊन या' म्हणतात आणि त्या बिचाऱ्या परत जातात. कोण किती वेळा परत गेली ते मला हवंय.

आणि मधेच समुपदेशन करत बसू नकोस. विचारलं तर सांग, नाहीतर ऐक.

रविवारी घरी ये, पण दोन ते चार मी झोपते. नवीन प्रश्नावलीच्या प्रिंट आधी काढून आणू नकोस, मी त्यावर लाल पेन चालवणार आहे. गाईड ऐकत नसतील तर त्यांचा नंबर पाठव, मी बोलते.

तुझी,
सिस्टर मावशी