विज्ञानकथा, विज्ञान काल्पनिका की साय-फाय?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका वसाहतीतल्या वाचनकट्ट्याचा प्रश्न आला आहे. या महिन्यात तिथे प्रत्येकाने आपल्या आवडत्या साय-फाय मालिका, चित्रपट आणि पुस्तकं सांगायची आहेत. फलक मराठीतच लिहायचा असं ठरलं आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, 'विज्ञानकथा' लिहा. कॉलेजातली मुलं म्हणतात, स्टार वॉर्सला विज्ञानकथा कसं म्हणायचं, त्यात विज्ञान आहे कुठे? एका निवृत्त शिक्षिकेने 'विज्ञान काल्पनिका' सुचवलं आहे. बरोबर शब्द कोणता? शिवाय दोन जोडप्रश्न आहेत: गॅलेक्सीला आकाशगंगा म्हणायचं का, आणि स्टार वॉर्समधल्या आर-टू डी-टू या रोबॉटला यंत्रमानव म्हटलं तर चालेल का?

फलकावर 'विज्ञानकथा' लिहा. पण मुलांची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर व्याकरणात जितकं आहे तितकंच या शब्दाच्या इतिहासातही आहे.

आधी व्याकरण. 'विज्ञानकथा' हा मध्यमपदलोपी समास. शाळेत या समासाची उदाहरणं पाठ केलेली असतात: पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. दोन शब्दांना जोडणारं मधलं पद गळून गेलेलं असतं आणि ते ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. पोह्यांच्या बाबतीत सगळ्यांच्या मनात एकच पद असतं, म्हणून भांडण होत नाही. विज्ञानकथेत मात्र मधलं पद ज्याचं त्याचं वेगळं. कुणी 'विज्ञानावर आधारलेली' कथा म्हणतो, कुणी 'विज्ञान शिकवणारी', तर कुणी 'विज्ञानाचा वास असलेली'. तुमच्या कट्ट्यावरचा वाद या गळलेल्या पदाचा आहे.

मराठीत या प्रकाराची एक कसोटी नेहमी सांगितली जाते: कथेतून विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. म्हणजे विज्ञानकथा साखरभातासारखी असावी, साखर शितात मुरलेली, वेगळी काढताच येऊ नये. इंटरस्टेलर (२०१४) या कसोटीला उतरतो. त्यात एका ग्रहावर घालवलेला एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा असतो, कारण तो ग्रह एका प्रचंड कृष्णविवराजवळ आहे. हे काढून टाका, मग बाप-लेकीच्या ताटातुटीला काही आधारच उरत नाही. किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ त्या चित्रपटाचे सल्लागार होते, ते उगीच नव्हे. ड्यून ही फ्रँक हर्बर्टची १९६५ची कादंबरीही उतरते. राजघराणी आणि लढाया पुष्कळ आहेत, पण वाळवंटी ग्रहाचं पर्यावरण आणि पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब काढला की गोष्ट उभी राहत नाही. स्टार वॉर्स (१९७७) मात्र कांदेपोह्यांसारखा आहे. कांदा काढून ठेवा, पोहे शाबूत. यानांच्या जागी घोडे आणि प्रकाशतलवारींच्या जागी साध्या तलवारी द्या. गुरू, शिष्य, बाप आणि मुलगा यांची ती गोष्ट जशीच्या तशी चालते. मुलांना नेमकं हेच जाणवलं आहे.

मग स्टार वॉर्सला विज्ञानकथा का म्हणायचं? त्यासाठी '-कथा' लावून झालेल्या बाकीच्या शब्दांकडे पाहू. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, परीकथा, साहसकथा. प्रेमकथेतलं प्रेम खरं आहे की नाही याची परीक्षा घेऊन मग आपण तिला प्रेमकथा म्हणत नाही. भयकथा वाचून भीती वाटली नाही तर ती फसलेली भयकथा असते, पण असते भयकथाच. पहिलं पद कथेचा मुलूख सांगतं, तिचे गुण सांगत नाही. एकट्या विज्ञानकथेकडून मात्र आपण पहिल्या पदाचा दाखला मागतो: विज्ञान आहे ना? बरोबर आहे ना?

असं का झालं, ते या शब्दाने मराठीत कुठे बस्तान बसवलं ते पाहिल्यावर कळतं. मराठी विज्ञान परिषद १९६६मध्ये स्थापन झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यावं हे तिचं काम, आणि विज्ञानकथांच्या स्पर्धा हा त्या कामाचा एक भाग. १९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात. आपलं नाव पाहून परीक्षकांचा कल झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली होती. पुढे १९७९मध्ये नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह आला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार वाढवला, आणि यांतले बरेच जण विज्ञानप्रसाराचंही काम करत होते. त्यामुळे 'विज्ञानकथा' म्हटलं की मराठी कानाला त्यात थोडी प्रयोगशाळा आणि थोडा वर्ग ऐकू येतो. मला ही या शब्दाची श्रीमंती वाटते. 'ब्लॅक होल' ही संज्ञा जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७पासून रूढ झाली, आणि सातच वर्षांत तिचा मराठी प्रतिशब्द एका कथेच्या शीर्षकात झळकला. मला स्वतःला 'कृष्णविवर' हा शब्द पाठ्यपुस्तकात भेटला नाही, गोष्टीत भेटला.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. मी नौपाड्यात वाढले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी स्टार ट्रेक लागायचं, आणि ज्या घरी टीव्ही त्या घरी आम्ही सगळी मुलं गोळा व्हायचो. त्या कार्यक्रमाला आम्ही कधीही विज्ञानकथा म्हटलं नाही. त्यातल्या स्पॉक या पात्रावरून ती 'स्पॉकची सिरीयल' होती. विज्ञानकथा म्हणजे दिवाळी अंकात आणि स्टेशनाजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या पुस्तकात असते ती. पडद्यावरच्या प्रकाराला आमच्याकडे शब्दच नव्हता. ती जागा कितीतरी वर्षं मोकळी राहिली आणि पुढे केबल, सीडी आणि इंटरनेट आल्यावर 'साय-फाय' तिथे येऊन बसला. म्हणून आजही कागदावरची ती विज्ञानकथा आणि पडद्यावरचं ते साय-फाय, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की आहे. तुमच्या कट्ट्यावर ज्येष्ठ एक शब्द म्हणतात आणि मुलं दुसरा, याचं मूळ इथे आहे.

इंग्रजीतल्या शब्दाचं बालपणही असंच शिस्तीत गेलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ह्यूगो गर्न्सबॅक हे मूळचे रेडिओ आणि विजेच्या उपकरणांवरची मासिकं काढणारे गृहस्थ. एप्रिल १९२६मध्ये त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. तेव्हा त्यांचा शब्द होता 'सायंटिफिक्शन', आणि त्यांचीही अपेक्षा अशी की वाचकाचं मन रमावं आणि त्याला विज्ञानही कळावं. काही वर्षांत तो अवघड शब्द मागे पडून 'सायन्स फिक्शन' रुळला. १९५४च्या सुमारास फॉरेस्ट अॅकरमन या चाहत्याने 'हाय-फाय'च्या चालीवर 'साय-फाय' केलं. तेच हाय-फाय, ज्याचा आपण ठाण्या-मुंबईत 'हायफाय सोसायटी' असा उपयोग करतो. मूळ सायन्स फिक्शनमधली शिकवण्याची अट लेखकांनी आणि वाचकांनी हळूहळू सैल केली. नाव बदललं नाही, पण आतली जागा वाढत गेली. ज्या पुरस्काराला गर्न्सबॅक यांच्या नावावरून ह्यूगो म्हणतात, तो आज अशा कितीतरी कादंबऱ्यांना मिळतो ज्यांत विज्ञानाचा धडा मुळीच नाही. मराठीतही हेच व्हावं असं मला मनापासून वाटतं. शब्द तोच ठेवावा आणि त्याची कुंपणं मागे सरकवावीत.

आता 'विज्ञान काल्पनिका'. शिक्षिकाबाईंचा विचार समजतो. 'फिक्शन'साठी 'कथा' अपुरं आहे, कारण कथा खरीही असू शकते, शिवाय कथा म्हटलं की छोटी गोष्टच डोळ्यांपुढे येते. तरीही मला हा शब्द दोन कारणांनी अडतो. पहिलं, 'काल्पनिक' या विशेषणाला रोजच्या मराठीत खोटेपणाचा रंग आहे. काल्पनिक भीती म्हणजे उगाचची भीती. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' हे वाक्य तर आपण जबाबदारी झटकण्यासाठीच वापरतो. दुसरं कारण 'इका'. मालिका, भूमिका असे शब्द सोडले तर मराठीत हा प्रत्यय बहुधा लहानपण दाखवतो: नाटकाची नाटिका, पुस्तकाची पुस्तिका, कादंबरीची कादंबरिका. ड्यूनसारख्या जाडजूड ग्रंथाला काल्पनिका म्हणताना जीभ अडखळते. त्यापेक्षा बंगाली शब्द मला मोहवतो. अद्रीश बर्धन यांनी तिकडे 'कल्पविज्ञान' हा शब्द रुळवला. पदांचा क्रम उलटा केला आणि 'कथा' काढूनच टाकली, त्यामुळे पुस्तक, चित्रपट, मालिका असं काहीही त्यात सहज मावतं. मराठीत तो पन्नास वर्षांपूर्वी आला असता तर मी आज त्याच्याच बाजूने उभी राहिले असते. आता मात्र 'विज्ञानकथा' लोकांच्या तोंडात बसला आहे, आणि तोंडात बसलेला शब्द उठवायला माझी तयारी नाही.

पडद्यासाठी भयपट, युद्धपट यांच्या ओळीत 'विज्ञानपट' हा शब्द छान बसतो. अडचण एवढीच की 'विज्ञान चित्रपट महोत्सव' म्हटलं की तिथे माहितीपट असतात. 'विज्ञानमालिका'चं तर फारच वाईट, ऐकणाऱ्याला ती शाळेसाठीची मालिका वाटते. आणि खरी उणीव विशेषणाची आहे. 'हा सिनेमा साय-फाय आहे' असं म्हणता येतं. 'हा सिनेमा विज्ञानकथा आहे' म्हटलं की वाक्य लंगडतं, आणि 'वैज्ञानिक सिनेमा' म्हणजे तर भलताच अर्थ. तेव्हा बोलताना विशेषण म्हणून साय-फाय खुशाल वापरा. तो शब्द तिथे आपलं काम चोख करतो.

फलकाचा मजकूर असा करा: 'आवडत्या विज्ञानकथा: पुस्तकांतल्या आणि पडद्यावरच्या'. 'लाडक्या' नको. लाडकं माणूस असतं किंवा पात्र असतं. मालिका आवडती, स्पॉक लाडका.

गॅलेक्सीचं उत्तर ठाणेकरांना विशेष आवडेल. मराठी खगोलशास्त्रात 'आकाशगंगा' हे आपल्या एकाच गॅलेक्सीचं विशेषनाम आहे. गॅलेक्सी या जातीसाठी 'दीर्घिका' हा शब्द आहे, जसं की देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका. हिंदीत सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणतात आणि हिंदी डबिंगमधून ते आपल्याकडे आलं. स्टार वॉर्सची गोष्ट दूरवरच्या एका गॅलेक्सीत घडते. ती 'आकाशगंगेत' घडते असं लिहिलंत तर मराठीत ती आपल्याच घरात घडते असा अर्थ होईल. दीर्घिका लिहा. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, बागेतलं, पायऱ्या असलेलं. काळोखात पसरलेल्या ताऱ्यांच्या पुंजाला तळं म्हणणारा शब्द तलावांच्या शहरात परका वाटायला नको. रात्री तलावपाळीवर बसून मासुंदा तलावाच्या पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं पाहताना मला तो शब्द हमखास आठवतो.

आणि आर-टू डी-टू. त्याला यंत्रमानव म्हणू नका, रोबॉटच म्हणा. 'यंत्रमानव' या शब्दात माणसाचा आकार गृहीत आहे आणि आर-टू डी-टू दिसतो पिंपासारखा. त्याचा सोनेरी जोडीदार सी-थ्रीपीओ मात्र हक्काचा यंत्रमानव आहे. रोबॉट हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२०च्या चेक नाटकातून आला, आणि तो सुचवला त्यांचे बंधू जोसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. त्या नाटकातले रोबॉट लोखंडी नाहीतच, ते घडवलेल्या जिवंत द्रव्याचे आहेत आणि माणसांसाठी राबतात. मराठीत 'वेठबिगार' हा इतका धारदार शब्द असताना आपण 'यंत्र' आणि 'मानव' हे दोन थंड शब्द निवडले, आणि राबवून घेणं हा त्या शब्दाचा जीवच बाहेर राहिला याची मला हळहळ वाटते.

जाता जाता एक विनंती. तुमच्या यादीत पुस्तकं कमी आणि मालिका जास्त असतील असा माझा अंदाज आहे. भा. रा. भागवतांचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' त्यात नसेल तर माझ्या वतीने घाला. ज्यूल व्हर्नच्या गोष्टीला त्यांनी दिलेलं हे नाव बघा. 'धूमकेतू' हाताशी असताना त्यांनी 'शेंडेनक्षत्र' घेतलं, आणि त्याच्या आधी 'मुक्काम' लिहिलं, जसं पोस्टकार्डावर लिहितात.