पहिल्या फिशिंग टूर्नामेंटआधी एवढं वाच

अरे पहिली टूर्नामेंट आहे ना, मग रॉड-रीलचं (गळाची काठी आणि दोर गुंडाळायची चकरी) नंतर बघ, आधी रूलबुक वाच. मासा लागला की बोटीवरचा मित्र मदत म्हणून पटकन रॉडला हात लावतो आणि आयजीएफएच्या (गळाने मासेमारीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नियमात तिथेच मासा बाद, कारण स्ट्राइक झाल्यापासून, म्हणजे माशाने आमिष घेतल्यापासून, रॉड, रील, लाइनला (दोराला) अँगलरशिवाय, म्हणजे गळ टाकणाऱ्याशिवाय, कुणाचाच हात लागलेला चालत नाही. मासा ओढत असताना रॉड बोटीच्या कठड्यावर टेकवायचा पण नाही. हे सगळं निघायच्या आधीच बोटीवरच्यांना बजावून ठेव.

आणि चूक तुझी नसली तरी बाद होतोस बरं का. 2023 ला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात बिग रॉक टूर्नामेंटला सेन्सेशन नावाच्या बोटीने 619.4 पौंडाचा ब्लू मार्लिन (मोठा समुद्री मासा) आणला, तासन् तास झुंजून, पण शार्कने चावा घेतलेला निघाला म्हणून डिसक्वालिफाय, जवळपास 35 लाख डॉलरचं बक्षीस गेलं! फार वाईट वाटलं मला, पण नियम बरोबरच आहे, जखमी मासा पूर्ण ताकदीने लढत नाही.

लबाडीचं तर नावच नको. 2022 ला अमेरिकेतच क्लीव्हलंडजवळच्या टूर्नामेंटमध्ये दोघांनी वजन वाढवायला वॉलआय माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले, पकडले गेले, 10 दिवस तुरुंग आणि त्यांची बोटही जप्त झाली. तुला कुठे शंका आली तर वजन करायच्या आधीच टूर्नामेंटच्या डायरेक्टरला स्वतः जाऊन सांग.